कौशीनं पाट का नाकारला

कौशे, तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही आणि वडशाच्या बाजारानं तुझं बोलणं संपवलंसुद्धा. पहिल्या बाजाराला सगळे विचारत होते, ती मासेवाली कुठी गेली. पुढच्या बाजाराला म्हणाले, टीबीनं गेली म्हणे बिचारी. त्याच्या पुढच्या बाजाराला तुझ्या जागेवर तुझी पोरगी सुनीता टोपलं घेऊन बसली आणि लोक तिच्याशीच झिंग्यांच्या भावासाठी हुज्जत घालायला लागले. बाजार असाच असतो, त्याचं काही नाही. माझं मात्र तुझ्याशी भांडण अजून चालूच आहे. बांगड्या भरता भरता मी मनातल्या मनात तुला उत्तरं देते आणि गिऱ्हाईक विचारतं, बी, कोणाशी बोलून राहिल्या?

आपली ओळखच भांडणानं झाली होती. माझं बांगड्यांचं पाल, शेजारी तुझं मासोळ्यांचं टोपलं. एका नव्या नवरीचा हात मी हातात घेतला होता आणि तुझ्या माशा येऊन तिच्या मनगटावर बसत होत्या. मी म्हटलं, "ओ बाई, टोपलं तिकडं सरकव, माहं गिऱ्हाईक पळून राह्यलं." तू मान वर न करता म्हणालीस, "तुह्या काचेले वास लागते का वं? नाकाले लागत असन तं नाक झाक." पूर्ण दिवस आपण एकमेकींकडं पाठ करून बसलो. जाताना पळसाच्या पानात मूठभर झिंगे बांधून माझ्या सतरंजीवर ठेवलेस आणि काही न बोलता निघून गेलीस. घरी मी ते कांद्यात परतले. पुढच्या बाजाराला सुनीतासाठी लाल बारक्या बांगड्या काढून ठेवल्या. ती तेव्हा दुसरीत होती, पाटी घेऊन तुझ्या मागं बसायची.

मग मी तुझ्या गावीही यायला लागले, बांगड्यांची पेटी घेऊन. वैनगंगेच्या अलीकडं तलाव, तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर, तुमची ढिवरांची घरं. तुझा रामदास पाळीवर जाळं विणत बसलेला असायचा. तो वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आता लोक पहिली शिवी त्यालाच देतात. पोरीला खांद्यावर घेऊन बाजारात यायचा, तुझं टोपलं सायकलला बांधून द्यायचा. तलावाचा ठेका दुसऱ्यांच्या हातात गेला तेव्हा गावचे पुरुष टोळीनं लांबच्या धरणांवर मासे मारायला जायला लागले. दिवाळी झाली की जायचे, पावसाच्या तोंडावर यायचे. तिकडं कसे राहतात, कोणाकडं जेवतात, काय पितात, कुठं झोपतात, हे कोणी विचारायचं नाही. बायांनी तर नाहीच नाही. बायांनी फक्त विचारायचं, कधी येता.

एका साली तो आला तो अर्धा होऊन आला. आधी टीबी म्हणाले, मग कावीळ म्हणाले, मग तुझ्या सासूनं पुजाऱ्याकडून कोंबडा कापून घेतला. तोंडात फोड, पोट सतत बिघडलेलं, अंगात ताप. तू त्याला चमच्यानं पेज पाजायचीस आणि बाजाराच्या दिवशी येऊन मला सांगायचीस, आज दोन घास जास्त खाल्ले. तो गेला. बायांनी तुझ्या हातातल्या बांगड्या फोडल्या, त्या मीच भरल्या होत्या. तेव्हा तू पंचविशीतही नव्हतीस.

आता हळदीकुंकवाचं सांगते. तुला ते मी अर्धंच सांगितलं होतं, बाकीचं सांगायला लाज वाटत होती. लाज माझी नव्हती, दुसऱ्यांची होती, पण वाटत होती मला.

बाहेरून दोन बाया जीपनं तुमच्या गावी आल्या होत्या, ज्याचं नाव कोणी घेत नाही त्या रोगाची माहिती द्यायला. आधी त्यांनी समाजमंदिरात सभा ठेवली. पुरुष समोर बसले, बाया मागच्या खोलीत चहा करत होत्या. रोगाचं नाव निघालं तसं कोणीतरी उठून मधलं दार ओढून घेतलं, बायांच्या कानावर नको म्हणून. हे मला चहा गाळणाऱ्या बायांनीच हसत हसत सांगितलं. मग त्या दोघींनी डोकं लढवलं. संक्रांत जवळ होती. त्यांनी हळदीकुंकू ठेवलं. हळदीकुंकवाला बाईला कोण अडवणार? कोणीच अडवलं नाही. सगळी अंगणं रिकामी झाली. वाण म्हणून प्रत्येकीला काचेच्या बांगड्या द्यायच्या ठरल्या आणि म्हणून मला बोलावणं आलं. मी मुसलमान, मला कुंकवाशी घेणंदेणं नाही, पण बांगडीवालीशिवाय काम अडतं, म्हणून मी सगळ्यांच्या पुढं बसले होते.

त्या शहरातल्या बाईनं विचारलं, "गावातल्या सगळ्या आल्या ना?" सरपंचीणबाई म्हणाल्या, "हो मॅडम, एकबी घरी नाई राह्यली." मला तर दिसत होतं कोण राहिलं ते. तू नव्हतीस. रामदासच्या टोळीतला दुसरा एक जण त्याच्याच मागं वारला होता, त्याची बायकोही आली नव्हती. विधवा म्हणून एकही नव्हती. मी हळूच म्हटलं, "कौशीले बोलावू का? घरीच आहे थे." सरपंचीणबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं जसं काही मी ताटात खडा टाकला. म्हणाल्या, "जुबेदाबी, सवाष्णींचं काम आहे. तिलेच वाईट वाटन." त्या मॅडमला यातलं काही कळलंच नाही. तिला वाटलं, काय छान युक्ती काढली आपण. आणि युक्ती छानच होती बाप्पा. फक्त ज्यांच्या घरात तो रोग येऊन बसला होता, नेमक्या त्याच त्या युक्तीतून सुटल्या.

तिनं कापडावरची चित्रं दाखवली. वजन उतरणं, तोंडातले फोड, थांबत नाही असं पोट, बरा होत नाही असा ताप. एकेक चित्र येत होतं आणि मला रामदास दिसत होता. मग तिनं सांगितलं, नवऱ्यापासून बायकोला होतो, आईपासून लेकराला होतो. आणि शेवटी म्हणाली, आपल्या जोडीदाराशी इमानदार राहा, मग भीती नाही. सगळ्या बायांनी श्वास सोडला. एक म्हणाली, "मंग आपलं काय काम? आपन कुठी जातो?" सगळ्या हसल्या, कुंकू लावलं, तिळाचे लाडू वाटले.

मी पेटी उचलली आणि थेट तुझ्या मागच्या अंगणात आले. तू पावशीच्या पात्यावर मरळ कापत होतीस. तू विचारलंस, "काय सांगतलं वं त्यायनं?" मी सांगितलं. निम्मं शब्दांनी, निम्मं हातांनी, कारण तसल्या गोष्टींचे शब्द आपल्या दोघींकडं नव्हते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पन मी तं एकच नवरा केला." मी म्हटलं, "तू एकच केला, कौशे. त्यानं धरणावर काय केलं थे तुलेबी माहीत नाई, मलेबी नाई." तू पुन्हा मासा कापायला लागलीस. सगळा कापून झाला, धुऊन झाला. मग म्हणालीस, "हात धू आन चहा पी."

पुढं तू स्वतःच म्हणालीस की रक्त तपासायचं. मी कधी म्हटलं नव्हतं, हे तू नंतर सोयीनं विसरलीस. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा होती. तू सासूला सांगितलंस, रामदासच्या नावानं गंगेत दिवा सोडून येते. मी घरी सांगितलं, जत्रेत दुकान लावते. दोघी निघालो आणि वाटेत उतरून एका मोठ्या दवाखान्यात गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, काय करायचं नाव लिहून.

रक्त घेतलं, बसवून ठेवलं. दुपार कलल्यावर एका माणसानं तुझं नाव पुकारलं आणि विचारलं, "नवरा आला का?" तू म्हणालीस, मेला. "मग दीर? भाऊ? कोणी पुरुष माणूस?" मी पुढं झाले. म्हटलं, "मी बहीण आहे तिची." त्यानं माझं नाव विचारलं. मी जुबेदा म्हटलं तर त्यानं हातातल्या कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. म्हणाला, घरचं माणूस घेऊन या, त्याला सांगतो. मी अशी भडकले! म्हटलं, रक्त हिचं, सुई हिला टोचली, मग सांगायला दुसरं माणूस कशाला पाहिजे? शेवटी एका वयस्क सिस्टरनं आपल्याला जिन्याखाली नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. तू तिला एकच विचारलंस, पोरीचं काय. तिनं सांगितलं, पोरीचंही तपासा. ते आपण नंतर तपासलं, सुनीता चांगली निघाली. त्या दिवशी तू बसस्टँडवर चहावाल्यालाही हात जोडलेस. ते मी कधी विसरणार नाही.

पण त्या पहिल्या दिवशी आपण पुढं खरोखर मार्कंड्याला गेलो, कारण प्रसाद घरी न्यायला पाहिजे होता. नाहीतर सासूनं विचारलं असतं. नदीवर तू दिवा सोडलास, मग वाळूत बसून बत्ताशे खाल्लेस आणि म्हणालीस, "बी, खरंच दुकान लावलं असतं तं बरा धंदा झाला असता. केवढ्या बाया आल्या." मी रडत होते. तू नाही रडलीस. मला तेव्हा वाटलं, हिला कळलंच नाही. तुला सगळं कळलं होतं.

होळी झाली आणि तुझ्या सासूनं मला निरोप पाठवला, हिरव्या बांगड्या घेऊन ये, कौशीचा पाट लावायचा आहे देवरामशी. तुमच्यात ही रीत आहे, तरण्या विधवेचं दुसरं लग्न लावून देतात, घरात लहान दीर असेल तर त्याच्याशीच. मला ही रीत फार आवडायची. आमच्या मोहल्ल्यातही मी सांगायचे, पाहा, जंगलातल्या लोकांना केवढी अक्कल आहे, पोरीला आयुष्यभर बोडखी बसवत नाहीत. आणि देवरामसारखा दीर! सुनीताला पाटीवर अक्षरं गिरवून द्यायचा, रामदासच्या आजारपणात रात्रंदिवस राबला. तुझ्यावर त्याचा जीव होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि तुझाही होता, कौशे. तू मला कधी सांगितलं नाहीस, पण मी बायांचे हात हातात घेऊनच पोट भरते, मला कळतं.

मी पेटी घेऊन आले. अंगणात चार मोठी माणसं बसली होती, देवराम नवा शर्ट घालून खांबाला टेकून उभा होता. सासूनं तुला हाक मारली. तू दारात आलीस आणि म्हणालीस, "मले पाट नाई लावाचा."

कोणाला वाटलं लाजून राहिली. सासू हसत म्हणाली, "काऊन वं?" तू म्हणालीस, "मनात नाई." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मोठ्या माणसांनी समजावलं, धानाची बांधी आहे, घर आहे, पोरीला बाप होईल. तू दाराची चौकट धरून उभी, मान खाली. मग सासूचा आवाज बदलला. "दुसरा कोनी पाह्यला का? बाजारात जाते रोज, तिथी कोनी भेटला का?" देवराम उठून बाहेर निघून गेला. जाताना त्याचं तोंड कसं झालं होतं ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. तू फक्त एकदा माझ्याकडं पाहिलंस. मी सगळ्या हिरव्या बांगड्या पेटीत परत ठेवल्या आणि सासूनं मलाच विचारलं, "तुले माहीत असन ना, बी? कोन आहे थो?" मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

आठवड्यात तुला घराबाहेर काढलं. तू सुनीताला घेऊन वडशाला भावाकडं आलीस. गावात बोलणं सुरू झालं ते कधी थांबलंच नाही. अमक्या ड्रायव्हरसोबत आहे, तमक्या दुकानदारासोबत आहे. आणि तू माझ्या शेजारी बसून मासे विकत राहिलीस.

आपलं खरं भांडण तेव्हा सुरू झालं. मी म्हणायचे, "सांगून टाक ना देवरामले. तुनं त्याचा जीव वाचोला, आन तुलेच शिव्या." तू म्हणायचीस, "आन मंग सुनीताले सून कोन करन? त्या रोगाच्या घरची म्हनतीन. शिव्यायनं काही होत नाई बी, शिव्या माह्या अंगावर राह्यतीन, पोरीच्या अंगावर नाई जात." मग तू माझ्याकडून वचन घेतलंस, सुनीताचं लग्न होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कुराणाची आण घालायला निघालीस. मी म्हटलं, आण नको घालू, मी तशीच नाही बोलणार. आणि नाही बोलले.

पण एकदा तू असं बोललीस की आपण महिनाभर एकमेकींशी बोललो नाही. तुला ताप होता, गिऱ्हाईक नव्हतं. तू म्हणालीस, "तुनं सांगतलंच नसतं तं बरं झालं असतं. मी पाट लावून घेतला असता. चार साल सुखानं राह्यली असती. हिरव्या बांगड्या घातल्या असत्या." मी म्हटलं, "आन देवराम?" तू म्हणालीस, "हाव. देवराम जगला. सगळे जगले. माहंच काय झालं थे सांग." मी चिडले. म्हटलं, मग नसतं ऐकायचं! हे उत्तर नव्हे, मलाही कळतं. आजही दुसरं सापडलेलं नाही.

आणि मी हेही पाहिलं आहे की एक दिवस माझं गिऱ्हाईक गेल्यावर तू सतरंजीवर राहिलेली एक बांगडी उचललीस, मनगटात घातलीस, ऊन पडेल असा हात धरून पाहिलास आणि काढून ठेवलीस. माझी पाठ होती, पण माझ्या आरशात दिसलं. बांगड्यांच्या दुकानाला खेटून इतकी वर्षं तू मोकळ्या हातांनी बसलीस. मी जागा बदलायला हवी होती का? पण मग तू कोणाशी भांडली असतीस?

देवरामचं लग्न ठरलं. त्याची होणारी बायको मालती तिच्या आईसोबत चुडा भरायला माझ्याकडंच आली. तू शेजारी मासे सोलत होतीस. मालतीला तू कोण ते माहीत नव्हतं. ती बसली, हात पुढं केला आणि तू हळूच मला म्हणालीस, "चांगल्या भर वं. नाजूक हात आहे पोरीचा."

नागपूरला या रोगावर औषध मिळायला लागलं असं मला कळलं तेव्हा तुला खाटेवरून उठताही येत नव्हतं. भावजय टीबी समजून जीव लावत होती आणि तू स्वतःचं ताट-पेला वेगळा ठेवत होतीस. मी किती समजावलं की ताटानं काही होत नाही, त्या मॅडमनं स्वतः सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. शेवटच्या दिवसांत मला तुला सांगायचं होतं की तू फार मोठं काम केलंस. तोंडावर आलं होतं. पण मला माहीत होतं तू काय म्हणशील. म्हणशील, "आन मले कोनं वाचोलं?" म्हणून मी तुझ्या पायाला तेल लावत बसले आणि बाजारभाव सांगत राहिले.

आता जे झालं ते सांगते. तुझ्यामागं झालं.

मागच्या बाजाराला मालती आली, कडेवर धाकटा पोरगा. सुनीता तुझ्या जागेवर होती. मालतीनं तिच्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. बसली, हात पुढं केला. मी एक हात भरत आणला. ती म्हणाली, "गेलेल्या मानसाले काय बोलाचं, पन तिनं आमच्या ह्यायचा भर बैठकीत पानउतारा केला होता. आतापावतर सलते त्यायले. बरंच झालं म्हना माह्यासाठी, नाई तं मी कुठी असती." आणि लगेच म्हणाली, "हे यंदा धरणावर चालले, टोळीसंग. तलावात काही राह्यलं नाई."

मी तिला सांगितलं, जेवढं तुझं नाव न घेता सांगता येतं तेवढं. की परत आल्यावर त्याचं रक्त तपासून घ्या, त्याच्याआधी जपून राहा, बायकोला नवऱ्यापासूनच होतो. ती हसली. म्हणाली, "काहीबाही बोलता बी तुमी. थो बाहेरच्या बायायचा रोग. आपल्यासारख्या घरात येते का? आमच्या घरी कधी कोनाले झाला?"

कौशे, उत्तर माझ्या जिभेवर होतं. एक शब्द बोलले असते तर मालतीनं मानलं असतं. पण त्याच आठवड्यात सुनीताला पाहायला आरमोरीकडचे पाहुणे येणार होते. तुझ्या भावानं कर्ज काढून घराला चुना लावला होता. एकीला वाचवायचं तर दुसरीला बुडवायचं, आणि दोघी माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मालतीचा दुसरा हात घ्यायला लागले.

सुनीता मासा सोलत होती. खवले हातावरून झटकले आणि म्हणाली, "झाला, काकू. माह्या बाबाले झाला. मंग मायले झाला. काकाले होऊ नये म्हनूनच तिनं पाट नाई लावला."

मोठ्यानं नाही बोलली. पण पलीकडच्या भाजीवालीनं मान वळवली. मालती हात ओढून उठली, एक हात भरलेला, एक रिकामा, पोराला घट्ट धरून निघून गेली. मी सुनीताला म्हटलं, "हे काय केलं वं? तुले कोनं सांगतलं?" ती म्हणाली, "मायनंच. लय दिवस झाले. म्हने, बीले सांगू नोको तुले माहीत आहे म्हनून. तिले वाटते आपन एकटीच सांभाळून राह्यलो, तिले वाईट वाटन." मग तिनं टोपल्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "लहान आहे माह्या काकाचा पोरगा, म्हनून बोलली मी. काका कुठी भेटला तं थांबून बोलते माह्यासंग, काकूले न सांगता." पाहुण्यांचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पाहुणे आले नाहीत. यंदा आमचा लग्नाचा विचार नाही, असा निरोप आला. कालच्या बाजाराला लोक सुनीताच्या टोपल्यासमोरून पुढं जात होते. मासे ताजे होते, डोळे अजून चकचकीत. तरी पुढं जात होते. तुझ्या भावजयीनं तिला वेगळं ताट दिलं आहे. तू आयुष्यभर अंगावर झेललंस ते सगळं एका बाजारात पोरीच्या अंगावर आलं. यासाठी तू देवरामला खरं कारण सांगितलं नव्हतंस, यासाठी मी तोंड शिवलं होतं. काय मिळालं आपल्याला, तूच सांग.

आणि त्याच बाजाराला मालती आली. दुसरा हात भरायला, म्हणाली. बसली. सुनीताकडं पाहून मला हळूच विचारलं, "खरं आहे ना थे?" मी म्हटलं, हाव. मला वाटलं आता काही तरी होईल. ती म्हणाली, "मंग मी त्यायले कसं म्हनू? रक्त तपासा म्हनू? म्हनतीन, तुले शंका काऊन आली, तूच कुठी गेली होती का? जवळ येऊ नोका म्हनू? तुमच्या कौशीले घरातून काढलं, तिच्यापाशी भाऊ तरी होता. मले भाऊ नाई, बी."

मी तिचा हात भरत राहिले. माझा नवरा रफीक चादरी घेऊन महिनोन्महिने फिरतीवर असतो, मी त्याला कधी एक शब्द विचारलेला नाही. मला चित्रं पाठ आहेत, लक्षणं पाठ आहेत, सगळं पाठ आहे. विचारता येत नाही. तू नाही म्हणालीस तेव्हा समोर दीर उभा होता, अजून परका होता, म्हणून तुला नाही म्हणता आलं. नवऱ्याला कसं म्हणायचं ते मला माहीत नाही, मालतीला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, कौशे. आज सकाळच्या गाडीनं देवराम टोळीसोबत गेला.